माह्या नावाची तूर

माह्यं माहेर खामगावचं, ताई. बाप जिनिंगात कामाले होता, संध्याकायी घरी आला की त्याच्या भुवईतसुद्धा कापूस असे. आम्हाले शेती नव्हती. म्हून लगन ठरलं तवा मायले लय आनंद, पोरीले वावर असलेलं घर भेटलं म्हने. हे आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडचं, वावर थोडंच, पन जमीन कायी, अन् कपाशीच्या मधात तुरीच्या ओयी. तूर पांढरी. सासूच्या हातचं बी होतं ते, दरसाली त्यातलंच राखायचं अन् त्यातलंच पेरायचं. आमच्या घरी डाय शिजाले ठेवली की शेजारीन भिंतीवरून इचारे, वैनी आज काय केलं वो. आता हे सारं मी तुम्हाले काऊन सांगून राह्यली, तर सारं भांडनच त्या पांढऱ्या तुरीचं हाय.

लोक म्हनतात वय झालं की मानसाचा राग उतरते. माहा नाही उतरला. माह्या गुडघ्यातली ताकद उतरली, डोयाले कमी दिसते, दात गेले, पन राग जसाचा तसा. मी त्याले रोज पानी घातलं म्हना ना. तुम्ही शिकलेल्या बाया म्हनसान की माफ करावं, मन मोठं करावं. करा बापा तुम्ही. मले नाही जमत.

हा राग ज्याच्यावर, तो दिनकरशेठ म्हन्जे काही बाहेरगावचा नाही, माह्या मालकाच्या भावकीतलाच. मी त्याले भाऊजी म्हनतो. सडकेवर त्याचं मोठं शेड हाय, गावचा माल तोच घेते, तूर काढाची मशीन गावात एकच अन् तेबी त्याचीच. त्या साली आम्ही तूर इकली नव्हती, घरात ठेवली होती, रेखाचा बाप म्हने पावसाया लागला की भाव येईन. रेखा म्हन्जे माही पोरगी, एकच लेक, तिच्या पाठीवर एक पोरगा हाय संतोष. रेखा बारावी झाली होती अन् खामगावले नर्सिंगले तिचा नंबर लागला होता. माह्या घरातली पोरगी सुई द्याले शिकनार, पांढरा ड्रेस घालनार. ते तूर तिच्या फीसाठीच होती, काय सांगू तुम्हाले, पोत्यावर हात ठेवून आम्ही बोलत होतो की हे रेखाची.

अन् पहिल्याच मोठ्या पान्यात घराची मागची भिंत बसली. मातीचीच होती. तूर ओली होईन म्हून रेखाचा बाप धावत दिनकरकडं गेला, अन् तो म्हने आना ना दादा, माह्यं शेड कायले हाय, घरचाच मानूस हावो मी. तवा चिठ्ठी नाही चपाटी नाही, भावकीत कोन चिठ्ठी मागते? गाडी जुपली अन् सारे पोते त्याच्या शेडात नेऊन टाकले.

मंग फी भराची वेय आली. आम्ही दोघं नवराबायको गेलो, म्हनलं भाऊजी, आता तूर काढतो. तो खुर्चीवरून उठलाबी नाही. हमालाले म्हने, दाखव बे यायले यायची तूर. हमालानं कोपऱ्यातून एक पोतं ओढून आनलं, तोंड सोडलं, तर आत नुसती भोकं पडेल तूर अन् त्यावर भुंगे चालून राह्यले. अन् तूर कोनती, तर लाल. मी म्हनलं हे आमची नाही, आमची पांढरी होती. तर तो म्हनते, वैनी, भुंगा लागला की रंग पालटते तुरीचा. शेडात गावचे चारदोन मानसं बसेल होते, ते हसले. मी अजून बोलून राह्यली तर त्यानं त्यातली मूठभर तूर घेतली अन् माह्या पदरात टाकली, म्हने घ्या तुमचे भुंगे, घेऊन जा घरी. पदरावर चालून राह्यले भुंगे, ताई. मी झटकूबी नाही शकली, तशीच उभी. अन् रेखाचा बाप खाली पाहून राह्यला. तो तसा गरीब मानूस, आवाज नव्हता त्याले. वापस आल्यावर मी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही.

फी गेली, नंबर गेला. रेखाले लाजेपायी आम्ही इतकंच सांगतलं, तुरीले भुंगा लागला. रेखा दोन साल माह्यासंग वावरात तन निंदाले आली अन् मंग तिचं लगन करून देलं, तिकडं लांब सुलतानपूरले, लोणारच्या बाजूनं. नवरा चांगला हाय, पन सासू काटा. तिथी रेखा सोयाबीनच्या वावरात राबते. माहेरी आली तर सकायी येते अन् चहा पिऊन दुपारच्या गाडीनं निंगून जाते. राहत नाही. मी म्हनो, सासू राहू देत नसन.

मंग रेखाचा बापबी गेला, छातीत दुखलं अन् गेला, सातबाऱ्यावर माह्यं नाव चढलं. अन् हे नावच, पाहा, दिनकरले घेऊन आलं माह्या दारात.

आता गोडाऊनचं समजून घ्या. सरकारनं सोय केली हाय की काढनीच्या वेयी भाव पडेल असते, तवा माल इकू नका, तालुक्याच्या गोडाऊनात ठेवा, त्या मालावर कमी व्याजानं कर्ज उचला, घर चालवा, अन् भाव आला की कर्ज फेडून माल काढा अन् इका. लय चांगली सोय हाय, वाईट म्हननार नाही मी. पन हे सोय फक्त कास्तकाराले, व्यापाऱ्याले नाही, अन् एका सातबाऱ्यावर ठरेल इतकाच माल. मंग आमच्या इकडं शेठ लोकांनी काय केलं, तर माल स्वताचा अन् नाव कास्तकाराचं. गावातल्या बायाचा सातबारा घ्यायचा, गोडाऊनवर नेऊन मशीनवर अंगठा लावाचा, बँकेत जे कर्ज पडलं ते काढून शेठच्या हातात द्यायचं, अन् पावती शेठच्या कपाटात. बदल्यात संक्रांतीले एक साडी अन् नारय. बाया तिले नावाची साडी म्हनतात. अन् कौतुकानं नेसतात हो, शेठनं माह्यं नाव घेतलं म्हून! ज्या सोयीनं आपला माल ठेवावा, ते सोय एका साडीत देऊन टाकाची. मी हसो त्यायले.

मागच्या संक्रांतीच्या वक्ताले दिनकर स्वता आला, साडी घेऊन. नावं कमी पडले असन त्याले. बाजीवर बसला, चहा प्याला, म्हने वैनी तुमचा सातबारा रिकामा हाय, माह्यी तूर ठेवतो त्यावर. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली की आता तरी काही आठवन याले. अन् त्यानं काय इचारलं माहीत हाय? रेखा कशी हाय म्हने, मजेत? बस. इसरला होता तो. माह्या घराची माती केली अन् त्याच्या ध्यानातबी नव्हतं. आठवन ठेवून आला असता, थोडा घाबरून आला असता, तर मी त्याले हाकलून देलं असतं अन् गोष्ट सरली असती. पन तो मजेत का म्हनते! मी म्हनलं हाव भाऊजी, मजेत हाय, आना तुमचे कागद.

संतोष लय चिडला. आई, तुले लाज नाही का, त्याच्या मालाले आपलं नाव देते. मी त्याले म्हनलं, तू गप राह्य बे.

गोडाऊनवर जाताना दिनकर रस्ताभर मले शिकवे, वैनी, साहेबानं इचारलं तर माल माहा हाय म्हना. गोडाऊनचा साहेब जवान पोरगा, बोलाले गोड. त्यानं पोत्यात नमुन्याची परखी खुपसली, दाने हातावर घेऊन पाह्यले, म्हने मावशी, माल चांगला हाय, तुमचाच ना? मी म्हनलं, माहाच. दिनकर मागं उभा राहून मुंडी हालवते. मी मुद्दाम दुसऱ्या खेपेले इचारलं, साहेब, काढाच्या वेयी कोनाले यावं लागन? तो म्हने, तुम्हालेच मावशी, तुमच्या अंगठ्याबिगर एक पोतं हालत नाही. मी इचारलं, थोडं काढलं अन् थोडं राहू देलं तर चालते? चालते म्हने. बँकेत पैसे पडले, मी काढले अन् बाहेर चहाच्या टपरीवर दिनकरच्या हातात देले, सगये देले, त्यातली चिल्लर ठेवली नाही. मी काही चोर नाही. पावती त्यानं आपल्या कपाटात घातली. त्याले वाटलं पावती म्हन्जे सारं. अन् अंगठा तर माह्या हाताले होता.

बैलपोया झाला अन् तुरीचा भाव असा चढला की बाजारात डाय घेनाऱ्याचे डोये पांढरे झाले. दिनकर आला हसत हसत, वैनी, चला गोडाऊनवर. मी म्हनलं भाऊजी, पयले माह्या नावावरचं कर्ज फेडा, मले झोप नाही लागत, मंग चला. त्याले खरं वाटलं, म्हातारी भेली. जाऊन फेडलं, व्याजासकट. मंग आम्ही गोडाऊनवर गेलो. त्यानं पावती साहेबापुढं ठेवली, त्याचा ट्रक उभा, हमाल तयार. साहेबानं मशीन पुढं केली, मावशी, ठेवा अंगठा. मी हात पदराखाली घातला.

म्हनलं, भाऊजी, माह्यी पांढरी तूर कुठी गेली?

पयले त्याले समजलंच नाही. कोनती तूर? मी म्हनलं रेखाच्या फीची. भिंत बसली होती तवा तुमच्या शेडात ठेवली, ते. तवा त्याच्या तोंडावरचा रंग गेला. आठवलं. मी म्हनलं, भुंगा लागला की रंग पालटते ना? मंग पालटला पाहा. हमाल थांबले. तो दात खाऊन हयूच म्हनते, वैनी तमाशा नका करू, घरी बोलू. साहेब म्हनते, काय भानगड हाय, माल कोनाचा हाय हा? आता दिनकरनं काय सांगावं? माहा हाय म्हनलं, तर व्यापाऱ्याचा माल कास्तकाराच्या सोयीत आला कसा, अन् गावातल्या बाकीच्या नावाचं काय, सारं उघडं पडते. त्याले घाम आला. मी वाट पाहून राह्यली, घाई कायची मले? शेवटी म्हनते, तिचाच हाय. मी म्हनलं, साहेबाले आयकू नाही आलं. तवा मोठ्यानं म्हनला, तिचाच हाय माल. खोटं नाही सांगत ताई, इतका गोड शब्द मी जिंदगीत आयकला नव्हता.

मी संतोषले टेम्पो घेऊन बोलावून ठेवलंच होतं. आमचे जितके पोते त्याच्या शेडात गेले होते तितकेच काढले, तितक्यालेच अंगठा देला. एक दाना वर नाही. बाकीचा त्याचा माल तिथीच कुलपात. दिनकर म्हनते अन् हे? मी म्हनलं राहू द्या भाऊजी, शेडापेक्षा चांगली जागा हाय, औषध मारतात, भुंगा नाही लागत. घरी येऊन ते नावाची साडी काढली अन् म्हशीले थंडीची झूल शिवली. रोज तिले सडकेवरून, त्याच्या शेडापुढून पान्यावर नेतो.

तुम्ही म्हनसान झालं ना मंग, फिटलं. मलेबी तसंच वाटलं. तूर इकली, पैसे पदरात बांधले अन् गेली सुलतानपूरले. रेखापुढं ठेवले, म्हनलं घे, तुह्या तुरीचे. तिनं हातबी लावला नाही. म्हने, आई, कोनत्या तुरीचे? मी सारं सांगतलं. तर ते माह्याकडं अशी पाहून राह्यली जशी मी परकी बाई. म्हने, मले तर वाटे तुमाले मले शिकवाचंच नव्हतं. भुंगा लागला हे निमित्त सांगतलं तुमी. पोरीच्या जातीवर पैसा घालाचा नव्हता, संतोषसाठी ठेवला असन, असंच धरून बसली मी आजवर. सासूबी हेच बोलते, तुह्या मायबापानं तुले फसवलं. आताबी तू म्हनून राह्यली, खरं कोन म्हनन?

ताई, हे आयकलं तवा माह्या ध्यानात आलं ते चहा पिऊन दुपारच्या गाडीनं काऊन निंगून जाते. दिनकरनं तूर नेली, नंबर नेला, अन् जाताजाता माही पोरगीबी नेली होती. मले एकच चोरी माहीत होती. एस.टी.त बसून मी रडली नाही. मी त्याच्याच नावानं बोटं मोडत आली मेहकरपोतर.

दुसऱ्या दिवशी दिनकर दारात, त्याची बायकोबी संग. वैनी, अजून चार पोते ठेवून घ्या, पन बाकीचं सोडा. मी म्हनलं पोते नको. सुलतानपूरले जा, रेखापुढं बसा अन् सांगा तिले त्या साली काय झालं. तुमच्या तोंडानं सांगा. ज्या दिवशी सांगसान त्या दिवशी अंगठा देतो. तो म्हने, ज्या पोरीले मी फ्रॉकात पाह्यलं तिच्यापुढं मी असं कसं बोलू, इज्जत हाय माही. मी म्हनलं, मंग इज्जत खा, तूर राहू द्या.

दिवाई गेली. भाव उतराले लागला. दिनकरनं मले तरास द्याचा तो देला, खोटं कायले बोलू. त्याची मशीन माह्या वावरात येनार नाही म्हने, यंदाची तूर माही तशीच उभी राह्यली अन् मी अन् संतोषची बायको दोघींनी काठीनं बडवून काढली, हे पाहा हात. दोन बाया माह्याकडं निंदाले येत त्या बंद झाल्या. संतोष म्हनते, आई, गावात राहाचं हाय आपल्याले, सोडून दे. मी म्हनलं, तू ज्या दिवशी तुह्या पोरीचा बाप म्हून बोलशीन त्या दिवशी आयकीन. एकदा दिनकर सडकेवर भेटला, म्हने वैनी नवी तूर येऊन राह्यली बाजारात, माह्या मालाची माती होऊन जाईन. मी म्हनलं, घ्या मंग, पदर धरा.

अन् परवा. मी अंगनात तूर पाखडत होती, दुपारची वेय, रेखाचा फोन आला. आई, आपल्या गावचा दिनकरकाका आला, ओट्यावर बसला, घामाघूम हाय, काय करू? माह्या हातातलं सूप खाली पडलं. म्हनलं, पानी दे. तुह्या सासूले बाहेर बोलाव. अन् फोन चालूच ठेव, बंद नको करू.

मले सारं आयकू आलं. पयले भाव सांगत बसला, पानी यंदा कसा पडला ते सांगत बसला. मंग म्हने, रेखा, तुमची तूर चांगली होती. पांढरी होती. भाव आला होता म्हून मी इकून टाकली, मले वाटलं दादाले मंग देऊन देऊ, अन् राहून गेलं. भुंगे होते ते दुसऱ्याच्या पोत्यातले. तुह्या मायनं खोटं नाही सांगतलं. रेखाची सासू मांगून म्हनते, काय म्हनते हा, काय म्हनते? मी फोनात वरडली, रेखा, पुन्हा सांगाले लाव त्याले, सासूले आयकू नाही आलं! अन् त्यानं पुन्हा सांगतलं.

मी कानाले फोन दाबून बसली, मले भेव लागलं की पोरगी आताबी नाही म्हनन तर? मंग रेखा आत गेली असन, दार लावाचा आवाज आला, अन् म्हने, आई, तू अंगठा देला का त्याले? मी म्हनलं नाही, पन त्याले शब्द देला हाय, सांगसान त्या दिवशी देतो म्हून. ते म्हने, नको देऊ. मी म्हनलं, बाई, शब्द हाय. ते म्हने, मोडू दे शब्द. मी येऊन राह्यली. चार दिवस राहाले येतो. मले पाहाचं हाय त्याले त्या गोडाऊनच्या दारात उभं. माह्यासमोर द्यायचा असन तर दे, नाहीतर देऊच नको. अन् रडली ते. मले आई आई म्हनत रडली.

शब्द मोडला मी. परवाच्या दिवशी संध्याकायी दिनकर आला, म्हने वैनी चला आता, सांगून आलो. मी म्हनलं, बसा भाऊजी, रेखा येऊन राह्यली. मले पाप लागन तर लागू द्या. देवाले मी सांगीन की पोरीनं मांगतलं होतं.

आज येते ते, दुपारच्या गाडीनं, पोरंबी संग. मी पुरन वाटून ठेवलं, तुमीबी जेवूनच जा, कायची घाई करता. तुमच्या लेकीबायी सुखात राहू द्या, त्यायच्या तोंडचा घास कोनी न घेवो. गोडाऊनवर कवा जाचं ते मी रेखाले नाही इचारनार. तिच्या मनात येईन तवा जाऊ. उद्या म्हनली तर उद्या, होईले म्हनली तर होईले. दिनकर काल सकायी आला, आजबी येऊन फाटकापाशी उभा हाय. मी त्याले चहा देतो.